उसळता रस, सांडती तर्री: द्रवाचे जाहिरात-फोटो काढायला शिकताना

ग्लासातून संत्र्याचा रस उसळला आहे, थेंब हवेत थांबले आहेत आणि प्रत्येक थेंब आतून उजळला आहे. ज्यूसवाल्याला असा फोटो मेन्यूवर हवा असतो, सरबताच्या कारखान्याला लेबलवर, आणि मसालेवाल्याला त्याच धर्तीवर तर्री ओततानाचा. नागपुरात लग्नाचं आणि प्री-वेडिंगचं काम करणारे बरेच जण या कामाकडे वळताना पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारतात: बॉडी कोणती घेऊ, सेकंदाला किती फ्रेम लागतील? मॅन्युअल मोड आणि फ्लॅश लावायची सोय असलेला तुमचा सध्याचा कॅमेरा चालेल. पैसे आणि डोकं खर्च करायचं ते फ्लॅशवर आणि ओतण्यावर. सांगतोही त्याच क्रमाने.

फ्लॅश किती वेळ पेटतो?

अर्धा मीटर वरून सोडलेला थेंब खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.१ मीटर असतो. फ्लॅशशी जुळणारी शटरची गती बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० असते. १/२५० सेकंदात तो थेंब साडेबारा मिलिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत थेंब न दिसता रेघ दिसते. १/२०,००० सेकंदात मात्र तो जेमतेम ०.१६ मिलिमीटर हलतो. इतका लहान क्षण फ्लॅश देतो. खोली अंधारी ठेवली की शटर उघडं असूनही सेन्सरवर काही उमटत नाही. फ्लॅश पेटला तेवढंच उमटतं. अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९५७ साली दुधाच्या थेंबाच्या मुकुटाचा जो रंगीत फोटो काढला, तो याच तत्त्वावर. साधनं बदलली, तत्त्व तेच राहिलं.

आता नवख्यांना उलटी वाटणारी गोष्ट. साध्या स्पीडलाइटची, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशची, ताकद जितकी कमी कराल तितका तो कमी वेळ पेटतो. बऱ्याच स्पीडलाइटच्या माहितीपत्रकात १/३०० ते १/२०,००० सेकंद असा पल्ला दिलेला असतो. यातला पहिला आकडा पूर्ण ताकदीचा, दुसरा सगळ्यात कमी ताकदीचा. म्हणून या कामात पूर्ण ताकदीच्या १/३२ किंवा १/६४ वर काम चालतं. उजेड कमी पडला तर ताकद वाढवू नका. फ्लॅश जवळ आणा, कारण अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. किंवा एकाच सॉफ्टबॉक्समध्ये (उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीत) दोन स्पीडलाइट लावा. सेकंडहँड मिळणारे मोठे स्टुडिओ लाइट मात्र तपासून घ्या. जुन्या पद्धतीच्या स्टुडिओ लाइटमध्ये ताकद कमी केली की उजेड उलट लांबतो. महागडा लाइट आणून थेंब पुसट येतात ते यामुळे. शिवाय कंपन्या बहुधा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचाच वेळ छापतात. त्यानंतरची शेपटीही थेंब पुसट करते, तेव्हा छापील आकड्यावर जाऊ नका.

घरच्या घरी तपासायची सोपी रीत आहे. टेबल फॅनच्या पात्याच्या टोकाला पांढऱ्या टेपचा बारीक तुकडा चिकटवा, पंखा पूर्ण वेगावर सोडा, खोली अंधारी करा आणि वेगवेगळ्या ताकदीवर फोटो घ्या. मिनिटाला १,३०० फेरे आणि मध्यापासून २० सेंटिमीटरवर टेप धरली, तर तिचा वेग सेकंदाला २७ मीटर होतो. १/१००० सेकंदाच्या उजेडात ती २७ मिलिमीटर फरफटलेली दिसेल, १/२०,००० ला सव्वा-दीड मिलिमीटर. कोणत्या ताकदीला टेपची कड स्पष्ट येते ते लिहून ठेवा. पुढचं काम त्याच ताकदीवर.

हाय-स्पीड सिंक नावाची सोय इथे बंदच ठेवायची. तीत फ्लॅश एकदाच न चमकता शटर सरकत असताना सलग लुकलुकत राहतो, त्यामुळे क्षण पकडला जात नाही. शटर १/२०० वर ठेवा आणि फ्लॅश बंद करून एक फोटो घ्या. तो पूर्ण काळा आला पाहिजे. काही दिसलंच तर दाराखालची फट, खिडकीचा पडदा, कूलरचा हिरवा दिवा, सगळं झाका.

सामान

दोन स्पीडलाइट, जमल्यास तिसरा, ते दुरून पेटवणारा रेडिओ ट्रिगर, भक्कम ट्रायपॉड, शटरचा रिमोट, ९० किंवा १०० मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो (लहान वस्तू मोठी दाखवणारी) लेन्स. मॅक्रो नसेल तर कॅमेऱ्यासोबत आलेल्या किटच्या लेन्सवरही शिकता येतं, फक्त कॅमेरा शिंतोड्यांच्या जवळ जातो. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर चढवा आणि बॉडीला स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळा.

बाकीचं सामान कॅमेऱ्याच्या दुकानात शोधू नका. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) स्टेशनरीच्या दुकानात ट्रेसिंग पेपरचा रोल, पांढरा आणि काळा फोमबोर्ड, चांदीचा कागद मिळतो. हार्डवेअरवाल्याकडून फूटभर पीव्हीसी पाइप, क्लॅम्प, ताडपत्री आणि दोन मोठी प्लास्टिकची घमेली. मेडिकलमधून वेगवेगळ्या मापाच्या सिरिंज आणि सलाइनचा सेट. या सेटच्या नळीवर चाक असतं, ते फिरवून थेंब हवे तितके सावकाश किंवा भरभर सोडता येतात. एकेका थेंबाच्या फोटोंसाठी महागडं यंत्र घेण्याआधी यावर हात बसवा. काचेचे ग्लास एकसारखे निदान सहा घ्या. एक फुटतो, एकावर ओरखडा येतो, आणि नंतर संगणकावर फोटो सुधारताना (रिटच करताना) फ्रेममध्ये ग्लास बदलला की सगळं पुन्हा करावं लागतं. ग्लास धुवायला आणि पारदर्शक द्रव म्हणून वापरायला बोअरचं पाणी नको, त्याचे पांढरे डाग काचेवर बसतात आणि मागून उजेड दिला की सगळे दिसतात. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर फक्त शेवटचा हात मारायला आणि न पिण्याच्या शॉटला. पिण्याच्या वस्तूत ते मिसळू नका.

खोली, वीज, कूलर

फरशीवर ताडपत्री, तिच्यावर घमेलं, घमेल्यात उलटा ठेवलेला ठोकळा आणि त्यावर ग्लास. एक्स्टेंशन बोर्ड फरशीवर ठेवायचा नाही, टेबलाच्या उंचीला बांधायचा. शक्यतो सगळे लाइट बॅटरीवर चालणारेच घ्या. मे महिन्यात व्होल्टेज खालीवर होतं तेव्हाही ते कामाला येतात. मेनवर चालणारा लाइट असेलच तर त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा. पायात रबरी चप्पल. आणि ओला हात लाइटला लावायचा नाही, हे हाताखालच्या पोराला रोज सांगावं लागतं.

कूलर ही आपली वेगळी अडचण. त्याच्या वाऱ्याने सिरिंजमधून पडणारी बारीक धार वाकते आणि मागचा ट्रेसिंग पेपर फडफडतो. शॉटच्या वेळी बंद करा, मध्ये चालू करा. उन्हाळ्यात शूट सकाळी सातला लावणं सगळ्यात बरं. दुपारी स्पीडलाइटही तापतात. सलग पेटवले तर ते स्वतःच हळू होतात, आणि नेमकी त्याच वेळी चांगली उसळी मिळते.

उजेड मागून

समोरून फ्लॅश मारला की संत्र्याचा रस रंग दिलेल्या प्लास्टिकसारखा मठ्ठ दिसतो. पातळ पदार्थाला जीव येतो तो मागून किंवा मागच्या बाजूने तिरपा उजेड दिल्यावर.

सुरुवातीची मांडणी अशी. ग्लासच्या मागे सुमारे अर्ध्या मीटरवर ट्रेसिंग पेपर ताणून लावा. त्याच्या मागे एक स्पीडलाइट, कागदापासून इतक्या अंतरावर की मध्यभागी उजळ आणि कडांना मंद असं वर्तुळ पडेल. दुसरा स्पीडलाइट बाजूने थोडा मागे, तोही ट्रेसिंग पेपरमधून, म्हणजे काचेवर एक लांब स्वच्छ पट्टा चमकेल. ग्लासच्या दोन्ही बाजूंना फ्रेमच्या जेमतेम बाहेर काळ्या फोमबोर्डच्या उभ्या पट्ट्या ठेवा. काचेच्या कडांना काळी रेघ येते आणि ग्लास पार्श्वभूमीतून सुटून दिसतो. ही पट्टी विसरली की पांढऱ्यावर पांढरा ग्लास विरघळून जातो. पार्श्वभूमी काळी हवी असेल तर उलट करा: मागे काळा कापडाचा पडदा आणि दोन लाइट मागच्या दोन कोपऱ्यांतून ग्लासकडे.

रस दाट असेल तर मागचा उजेड आरपार येत नाही. चांदीचा कागद ग्लासच्या आकारापेक्षा थोडा लहान कापून मागच्या बाजूला ग्लासला टेकवून लावा, कॅमेऱ्याला तो दिसणार नाही असा. रस आतून उजळतो. या एका कागदाने फोटोचा दर्जा जितका बदलतो तितका नव्या लेन्सने बदलत नाही.

कॅमेऱ्यात मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ते ४००, शटर १/२००, लेन्सचं छिद्र एफ/११ ते एफ/१६. उसळी कॅमेऱ्याकडे आणि मागेही जाते, म्हणून पुढचं-मागचं सगळं फोकसमध्ये राहील इतकं बारीक छिद्र लागतं. एफ/१६च्या पुढे, आणखी बारीक छिद्रावर गेलात तर सगळंच किंचित मऊ पडायला लागतं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नको. कमी ताकदीवर स्पीडलाइटचा रंग थोडा निळसर होतो, तेव्हा पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) धरा आणि सगळे फ्लॅश शक्यतो एकाच ताकदीवर ठेवा. फोकस लावायला थेंब पडणार त्या जागी पेन्सिल उभी धरा, मॅन्युअलवर फोकस लावा आणि रिंगला टेप मारा. फाइल रॉमध्येच, म्हणजे सेन्सरवरचा सगळा तपशील राखणाऱ्या प्रकारात.

ओतणं, सोडणं, दाबणं

या कामातला खरा वेळ इथे जातो.

सराव दूध-पाण्याने करा, स्वस्त पडतं. ग्लास काठोकाठ न भरता बोटभर रिकामा ठेवा. ३० सेंटिमीटर उंचीवरून संत्र्याची फोड किंवा अॅक्रिलिकचा बर्फ सोडा. पडायला पाव सेकंद लागतो. आता हिशोब पाहा: डोळ्याने पाहून बोट दाबायला माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो, कॅमेराही शटर उघडायला थोडा वेळ घेतो. म्हणजे फोड रसात पडलेली पाहून बटण दाबलंत तर उसळी खाली बसत असते. “सोडू का भाऊ?” “सोड!” या पद्धतीने दोघांत तर आणखी उशीर होतो. सोडणारा आणि दाबणारा एकच माणूस हवा: एका हाताने सोडा, दुसऱ्या हातात रिमोट, आणि मनात एक ठरलेली लय. थोड्या सरावाने हात स्वतःच वेळ साधतो. पुढे जाऊन ध्वनी किंवा लेझरवर चालणारा ट्रिगर घ्यायला हरकत नाही, पण लय न शिकता घेतलेला ट्रिगर नुसता चुकीचा क्षण दरवेळी बिनचूक पकडतो.

फोड दरवेळी त्याच जागी पडावी म्हणून पीव्हीसीचा पाइप ग्लासच्या वर फ्रेमबाहेर उभा क्लॅम्प करा आणि त्यातून सोडा. मध्यभागी पडली तर मुकुटासारखी गोल उसळी मिळते, कडेला पडली तर एका बाजूला लांब जीभ निघते. जाहिरातीला बहुतेकदा दुसरी बरी, कारण मोकळ्या बाजूला मजकूर बसतो. ग्लास तिरपा हवा असेल तर ठोकळ्याला हॉट ग्लूने चिकटवा.

दाटपणावर उसळीचा आकार ठरतो. पाणी बारीक थेंबांत फुटतं. दाट द्रव लांब दोऱ्या आणि रुंद पडदे करतो. सरावाच्या पाण्यात ग्लिसरीन घालून पाहा, थेंब कमी आणि गोलसर होतात. ग्वार गमची (गवारीच्या बियांच्या डिंकाची) पूड लिटरला १ ग्रॅमपासून सुरू करा. ती थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. आधी कोरड्या साखरेत मिसळा, मग ढवळत सोडा आणि काही वेळ मुरू द्या. मिक्सरमधून काढलेल्या रसावर फेस येतो, फोटोत तो मळकट दिसतो. संत्रं हाताच्या यंत्रावर पिळा, मलमलच्या कापडातून गाळा, वर उरलेला फेस चमच्याने काढा. थोडा गर मुद्दाम परत घाला, नाहीतर लोकांना ते सरबत वाटतं.

इथे एक गोष्ट पक्की ठेवा. ज्या वस्तूची जाहिरात आहे ती वस्तू खरीच असली पाहिजे. बर्फ अॅक्रिलिकचा चालतो, बाहेरचे थेंब ग्लिसरीनचे चालतात, पण ग्राहकाचा रस पातळ असेल तर त्यात ग्वार गम घालून दाट दाखवू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे, आणि वाद झाला की फोटो कोणी काढला हेही विचारलं जातं. उसळीला मदत हवी असेल तर रस फ्रिजमध्ये गार करा. साखर असलेले रस गार झाल्यावर थोडे दाट होतात.

तर्री

रसाचं गणित तर्रीला लावलं की फसतं. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून रस्सा आणि वरचं तेल एकाच भांड्यातून ओतलं तर धार मध्येच तपकिरी, मध्येच लाल अशी तुटक दिसते. तेल आधी वेगळं काढून ठेवा, रस्सा पोह्यांवर किंवा वाटीत आधी घाला, आणि शॉटच्या वेळी फक्त लाल तेल पळीने सोडा. तेही त्याच ताटातलं, त्याच मसाल्याचं. इतवारीच्या किराणा ओळीत भिवापुरी मिरची मिळते, तिने सरावासाठी तर्री करून पाहा. एका मसाल्याचं तेल केशरी दिसतं, दुसऱ्याचं गडद, आणि लाइट त्याप्रमाणे बदलावा लागतो.

तेल आरशासारखं वागतं. वर जे असेल ते त्यात दिसतं, छतावरची ट्यूबलाइटसुद्धा. एक मोठा पांढरा पृष्ठभाग मागून-वरून झुकवून धरा म्हणजे तेलावर एकच सलग चमक येईल. तेल कोमट ठेवा: फार गार झालं तर साय धरल्यासारखं दिसतं, आणि उसळीसाठी गरम तेल वापरायचंच नाही. गरम तेलाजवळ पाण्याचा एक थेंबही नको, ओला चमचासुद्धा नाही. वाफ हवी असेल तर ती वेगळ्या फ्रेममध्ये काळ्या पार्श्वभूमीवर घ्या आणि नंतर जोडा.

ग्लासवरचं दव आणि नागपूरचं हवामान

थंडगार पेयाच्या फोटोत ग्लास घामेजलेला दिसावा लागतो. मे महिन्यात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर दव धरण्याचं तापमान १० अंशांच्या आसपास येतं. फ्रिजमधून काढलेला ग्लास थोडा धुरकट होतो आणि पाहता पाहता कोरडा पडतो. जुलैत ३० अंश, ८५ टक्के आर्द्रता असताना हाच आकडा २७ च्या आसपास जातो आणि ग्लासवरून ओघळ वाहायला लागतात. दोन्ही वेळा खऱ्या दवावर भरवसा ठेवता येत नाही. ग्लास कोरडा आणि खोलीच्याच तापमानाचा ठेवा, ग्लिसरीन आणि पाणी सारख्या प्रमाणात मिसळून स्प्रेच्या बाटलीने दुरून फवारा. ओठ लागतो तो वरचा भाग टेपने झाकून घ्या, फवारल्यावर टेप काढा. हे थेंब बराच वेळ टिकतात.

फळाच्या हंगामाचंही भान ठेवा. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. उन्हाळ्याची जाहिरात करणारा ग्राहक अनेकदा एप्रिलअखेर फोन करतो आणि पानासकट ताजं संत्रं मागतो. त्याला फेब्रुवारी-मार्चमध्येच गाठा. कळमन्याच्या फळबाजारात सकाळी जाऊन पानं-देठासकट फळं निवडून आणा. ढिली साल, हिरवट डाग, असं अस्सल नागपुरी फळ इथल्या माणसाला लगेच ओळखू येतं, आणि चकचकीत मेणाचं फळ ठेवलंत तर तेही.

जोडणी

एकाच फोटोत सगळी उसळी मनासारखी मिळणं हे नशीब. जाहिरातीतले असे बहुतेक फोटो अनेक फ्रेम जोडून केलेले असतात: एकातला मुकुट, दुसऱ्यातली जीभ, तिसऱ्यातले दोन-चार थेंब. म्हणून कॅमेरा, लाइट, ग्लास शूट संपेपर्यंत हलवायचे नाहीत. सुरुवातीला रिकामा ग्लास, भरलेला शांत ग्लास आणि नुसती पार्श्वभूमी अशा तीन फ्रेम घेऊन ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवरचे थेंब फोटोशॉपमध्ये काळं गायब करणाऱ्या स्क्रीन मोडने पटकन बसतात, पांढऱ्यावरचे पांढरं गायब करणाऱ्या मल्टिप्लायने. गुरुत्वाकर्षण मात्र विसरू नका. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या थेंबांचे आकार वेगळे असतात, ते उलटे जोडले की पाहणाऱ्याला कारण कळत नाही पण खटकतं.

पैसे आणि हक्क

कोटेशन फोटोच्या संख्येवर देऊ नका. चाचणीचा दिवस, शूटचा दिवस, सामान, फळं, हाताखालची माणसं, साफसफाई, आणि प्रत्येक अंतिम फोटोचं रिटचिंग असं वेगळं लिहा. साफसफाई खरंच लिहा. साखरेचा रस फरशीच्या सांध्यात गेला की मुंग्या महिनाभर येतात, आणि जागा भाड्याची असेल तर मालक आधी तुम्हालाच फोन करतो.

हक्काची गोष्ट शूटच्या आधीच लेखी ठरवा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन कोणी आपल्यासाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, फोटोग्राफर नाही. तेव्हा फोटो कुठे वापरणार, किती काळ, होर्डिंगवर की फक्त इन्स्टाग्रामवर, तुम्हाला तो पोर्टफोलिओत टाकता येईल का, हे सगळं ईमेलवर घ्या आणि समोरून “मान्य” आलं की मगच संत्री आणायला निघा.